जत्रुकास्थिभंग

(हासळीचे किंवा गळपट्टीचे हाड मोडणे). मानेच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंस कातडीखाली सहज चाचपता येणाऱ्या, दुहेरी वक्र असलेल्या लांबट हाडास जत्रुक म्हणतात. आयुर्वेदात त्यास अक्षक असे नाव आहे. याचे आतील टोक उरोस्थीशी व बाहेरील टोक अंसफलकाच्या अंसकूट या भागाशी सांधलेले असते. हाताला धडाच्या सांगाड्याशी जोडणारा हा एकमेव अस्थिमय दुवा होय. हात छातीपासून दूर धरून ठेवण्याचे, खांद्यावरील व हातातील भार धडाकडे पोहोचविण्याचे आणि त्याखालून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या व बाहुतंत्रिकाजाल यांचे रक्षण करण्याचे कार्य हे हाड करते. गर्भावस्थेच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात अस्थिभवनास सर्वांत प्रथम याच हाडात प्रारंभ होतो आणि त्याचे आतील टोक मात्र वयाच्या बाविसाव्या ते पंचविसाव्या वर्षापर्यंत पूर्णपणे सांधले जात नाही.

प्रौढांतील एकूण अस्थिभंगांपैकी सु. २ ते ५ टक्के जत्रुकाचे असतात व त्यांपैकी ७० ते ८० टक्के हाडाच्या मधल्या तृतीयांशात आढळतात. हा भाग सर्वांत बारीक असून त्याला स्नायूंचे व बंधांचे संरक्षण कमी असते. प्रसूतीच्या वेळी अडलेल्या नवजात अर्भकातही हा भंग होतो, पण तो बहुधा दोन आठवड्यांत आपोआप भरून येतो.

कारणे व लक्षणे : पसरलेल्या तळहातावर पडल्याने हे हाड मोडते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. स्टॅन्ली, ट्रोब्रिज व नॉरिस यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशी रुग्णसंख्या फक्त ६ टक्के असून बाकीच्यांत खांद्यावर पडणे किंवा प्रत्यक्ष आघात हेच कारण असल्याचे दिसून आले. झाडावरून वा बैलगाडीवरून पडणे, दुचाकीचा अपघात, कुस्ती व घोडेस्वारी ही नेहमीची कारणे होत.

मानेतून येणारा स्नायू आतील तुकडा वर ओढतो, तर हाताच्या वजनाने बाहेरील तुकडा खाली व पुढे झुकतो. त्यामुळे खांदा उतरलेला व आखूड झालेला दिसतो. रुग्ण दुखावलेला हात दुसऱ्या हाताने उचलून धरतो व मान त्याच बाजूस कलती ठेवतो. हातास मुंग्या येणे, नाडी मंद लागणे, श्वास घेण्यास त्रास होणे किंवा कातडी आतून टोकदार उचललेली व पांढरी पडलेली दिसणे ही धोक्याची लक्षणे असून त्या वेळी विलंब करणे घातक ठरते.

प्राचीन काळ : या भंगाच्या चिकित्सेचे सर्वांत जुने उपलब्ध वर्णन ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसात आढळते. इ. स. पू. सु. १६०० मधील या लेखात ४८ रुग्णांची क्रमवार माहिती असून जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९३० मध्ये त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यातील पस्तिसावे प्रकरण जत्रुकास्थिभंगाचे आहे. रुग्णास उताणे निजवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये घडी केलेले वस्त्र ठेवावे, खांदे दोहों बाजूंस ताणून हाड जागी आणावे, कापडाच्या बंधफळ्या बांधाव्यात आणि बरे होईपर्यंत रोज मधाने उपचार करावा, असा तेथे निर्देश आहे. खांदे मागे ताणून मोडलेले हाड सरळ करण्याचे हे तत्त्व पुढे सु. साडेतीन हजार वर्षे टिकून राहिले.

ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण आहे. या भंगाने रुग्ण प्रारंभी फार घाबरतो व उपचाराचा आग्रह धरतो, परंतु दुखणे लवकर कमी होत असल्याने तो पुढे निष्काळजी होतो, आणि वैद्यासही हाड नीट बसविता येत नसल्याने तो रुग्णाच्या या उदासीनतेला हरकत घेत नाही, असा त्याचा आशय आहे. हाड लवकर सांधते पण थोडे वाकडे राहते, हा या ग्रंथातील निष्कर्ष एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद माल्गेन्य यांनीही मान्य केला.

भारतात सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचा पद्धतशीर विचार आढळतो. संहितेच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले असून चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात उपचार दिले आहेत. ओढणे, दाबणे, तुकडे एकत्र आणणे व बांधणे हा त्यांचा क्रम आहे. अक्षकाचा भाग शेकून तो खचला असेल तर मुसळाच्या साहाय्याने वर उचलावा, वर आला असेल तर दाबावा व घट्ट बांधावा, असे सांगितले आहे. खांद्याच्या सांध्यासाठी स्वस्तिक बंध सुचविला आहे. दोन्ही खांद्यांभोवती फिरून पाठीवर एकमेकांस छेदणारा अलीकडचा आठाच्या आकड्याचा पट्टा या बंधाशी आकाराने जुळतो. बंधफळ्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड इ. वृक्षांच्या साली व वेळू सांगितले असून बंध थंडीत सात, सौम्य ऋतूत पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावा असा नियम आहे. भंग सांधण्यास तरुण वयात एक, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन महिने लागतात, असेही तेथे नोंदविले आहे.

गमावलेले बळ परत आणण्याविषयीचा या अध्यायातील भाग विशेष महत्त्वाचा आहे. हाताचा भंग भरून आल्यावर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, नंतर मिठाचा खडा आणि बळ वाढल्यावर दगड धरण्याचा सराव करावा, असे सुश्रुत सांगतात. हाड सांधणे व हात कामास येणे या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीसाठी वाढत्या भाराचा व्यायाम लागतो, हे तत्त्व यात स्पष्टपणे दिसते.

यूरोपातील प्रगती : अठराव्या शतकात पॅरिसमधील देसो यांनी काखेत पाचरीसारखी गादी ठेवून दंड छातीशी बांधण्याची पद्धत रूढ केली. व्हेलपो (१७९५–१८६७) यांनी हाताचा पंजा विरुद्ध खांद्यावर ठेवून तो बांधण्याची रीत सुचविली, तर अमेरिकेतील लूइस सेअर (१८२०–१९००) यांनी चिकटपट्ट्यांचा उपयोग केला. डच लष्करी शल्यविशारद मातेइसेन यांनी १८५२ मध्ये प्लॅस्टरचे पट्टे प्रचारात आणले, परंतु जत्रुकासाठी ते अवजड व तापदायक ठरले. श्वसनाबरोबर सतत हलणारे हे हाड कोणत्याही बाह्य बंधनाने पूर्ण स्थिर करता येत नाही, हे या प्रयत्नांतून क्रमाक्रमाने ध्यानात आले.

हा भंग सर्वसाधारणतः निरुपद्रवी असला, तरी त्याने इतिहासप्रसिद्ध व्यक्तींचे बळीही घेतले आहेत. इंग्लंडचे राजे तिसरे विल्यम हे फेब्रुवारी १७०२ मध्ये घोड्यावरून पडून त्यांचे जत्रुक मोडले व पुढील महिन्यात फुप्फुसाच्या विकाराने त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटनचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील हे २९ जून १८५० रोजी घोड्यावरून पडले व २ जुलै रोजी मरण पावले. जत्रुकाखालील मोठी रक्तवाहिनी फाटणे हे त्याचे कारण मानले जाते.

ईथरच्या साहाय्याने शुद्धिहरण (१८४६), लिस्टर यांची जंतुरोधक पद्धती (१८६५ नंतर) आणि राँटगेन यांचा क्ष-किरणांचा शोध (१८९५) यांमुळे हाड उघडून जोडणे शक्य झाले व भंगाचे स्वरूप प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. तरीही जत्रुकाच्या बाबतीत शस्त्रक्रियेकडे कल नव्हता. अमेरिकेतील चार्ल्स नीर यांनी १९६० मध्ये २,२३५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार विनाशस्त्रक्रिया उपचारांत हाड न सांधण्याचे (असंधानाचे) प्रमाण केवळ ०·१ टक्का होते, तर शस्त्रक्रिया केलेल्यांत ते ४·६ टक्के भरले. रो यांच्या १९६८ मधील पाहणीतील आकडे अनुक्रमे ०·८ व ३·७ टक्के असे होते. ऑलमन यांनी १९६७ मध्ये भंगाच्या स्थानानुसार मधला, बाहेरील व आतील तृतीयांश असे तीन गट पाडले. या लेखनाच्या प्रभावाने पुढील तीन दशके झोळी किंवा आठाच्या आकड्याचा पट्टा हीच सर्वमान्य चिकित्सा राहिली. या दोहोंची तुलना डेन्मार्कमधील अँडरसन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ६१ रुग्णांवर केली. अंतिम परिणाम सारखाच आढळला, मात्र साध्या झोळीचा रुग्णांस कमी त्रास झाला.

दृष्टिकोनातील बदल : नीर यांच्या काळातील यशाचा निकष हाड सांधले की नाही एवढाच होता. रुग्णास हात पूर्ववत वापरता येतो काय, हा प्रश्न पुढे विचारला गेला तेव्हा चित्र पालटले. हिल, मॅग्वायर व क्रॉस्बी यांनी १९९७ मध्ये तुकडे पूर्णपणे सरकलेल्या ५२ भंगांचा मागोवा घेतला, तेव्हा १५ टक्क्यांत असंधान व ३१ टक्क्यांत रुग्णाचे असमाधान दिसून आले. हाड २ सेंमी. किंवा अधिक आखूड होणे ही त्यातील महत्त्वाची बाब होती.

खांद्याच्या कार्याचे मोजमाप करण्यासाठी कॉन्स्टंट व मर्ली यांनी १९८७ मध्ये गुणांकपद्धती तयार केली. वेदना, दैनंदिन व्यवहार, हालचालीची मर्यादा व बळ यांना मिळून शंभर गुण ठेवलेले असतात. कॅनडातील मॅकी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सरकलेले भंग शस्त्रक्रियेविना बरे झालेल्या ३० रुग्णांचे बळ यंत्राने मोजले. हात पुढे उचलण्याची कमाल शक्ती निकोप बाजूच्या सु. ८१ टक्के होती, पण हात बाजूस पुनःपुन्हा उचलण्यातील दम केवळ ६७ टक्के राहिला होता. दिवसभर तीच हालचाल करणाऱ्या श्रमिकाच्या दृष्टीने दुसरा आकडा अधिक बोलका आहे.

कॅनेडियन ऑर्थोपीडिक ट्रॉमा सोसायटीने २००७ मध्ये १३२ रुग्णांवरील तौलनिक चाचणी प्रसिद्ध केली. एक वर्षाअखेर तपासलेल्यांपैकी शस्त्रक्रियेच्या ६२ रुग्णांत २ व इतर ४९ रुग्णांत ७ असंधाने आढळली. हाड सांधण्यास लागलेला सरासरी कालावधी अनुक्रमे १६·४ व २८·४ आठवडे होता. एडिंबरो येथील रॉबिन्सन व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील २०० रुग्णांच्या चाचणीत असंधानाचे प्रमाण शस्त्रक्रियेने पुष्कळ घटले (१६ ऐवजी १), परंतु ज्यांचे हाड सांधले त्यांच्या कार्यक्षमतेत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे शस्त्रक्रियेचा मुख्य लाभ असंधान टळण्यात आहे आणि प्रत्येक रुग्णास तिची गरज नसते.

आधुनिक चिकित्सा : भंग उघडा असणे, कातडी फाटण्याच्या बेतात असणे, रक्तवाहिनी वा तंत्रिका दुखावणे आणि त्याच बाजूच्या अंसफलकाचाही अस्थिर भंग असणे या प्रसंगी शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. तुकडे पूर्ण सरकलेले, बारीक चुरा झालेला अथवा २ सेंमी. किंवा अधिक आखूडपणा आलेला असल्यास रुग्णाचे वय, व्यवसाय व इच्छा लक्षात घेऊन निर्णय करतात. धातूची पट्टी व स्क्रू बसविणे किंवा हाडाच्या पोकळीत लवचिक टायटेनियमचा खिळा घालणे या दोन पद्धती प्रचलित आहेत. जंतुसंसर्ग, छातीच्या वरच्या कातडीस बधिरता, पट्टी कातडीखाली टोचणे व ती काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागणे हे त्यांतील दोष होत. मुलांत शस्त्रक्रियेची गरज क्वचितच भासते, कारण त्यांचे हाड तीन ते सहा आठवड्यांत सांधते व वाकडेपणा वाढीबरोबर पुष्कळसा नाहीसा होतो. प्रौढांत त्यास सहा ते बारा आठवडे लागतात. धूम्रपानाने असंधानाचा धोका वाढतो.

कार्यपुनःप्राप्ती : झोळी सामान्यतः दोन ते तीन आठवडे वापरतात. बोटे, मनगट व कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी लागते, नाहीतर ते सांधे आखडतात. वेदना ओसरू लागताच पुढे वाकून हात लोंबता ठेवून लंबकाप्रमाणे झुलविण्याचा व्यायाम देतात. त्यानंतर दुसऱ्या हाताच्या वा काठीच्या आधाराने हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेतात. सहा आठवड्यांच्या सुमारास तो डोक्यावर नेण्यास परवानगी मिळते. क्ष-किरण चित्रात हाड सांधल्याची खात्री झाल्यावर वाढत्या वजनाचे व्यायाम सुरू होतात. ओझे वाहणे, कुस्ती किंवा कुऱ्हाडीचे काम यांसाठी बहुधा तीन ते चार महिने थांबावे लागते. वेदना थांबणे व हाड पक्के होणे यांत अनेक आठवड्यांचे अंतर असते. याच अवधीत रुग्ण कामावर परतल्यास तुकडे पुन्हा सरकण्याचा धोका राहतो. हिपॉक्राटीझ यांच्या ग्रंथातील निरीक्षणाचे व्यावहारिक मर्म हेच आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : हाड बसविण्याचे काम महाराष्ट्रात परंपरेने हाडवैद्य व तालमीतील वस्ताद करीत आले. यांपैकी अनेकांचे हस्तकौशल्य नाकारता येत नाही. यूरोपातही आधुनिक अस्थिचिकित्सेचे एक प्रवर्तक ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) हे हाडे बसविणाऱ्यांच्याच घराण्यातील होते. तथापि क्ष-किरण चित्राशिवाय भंगाचा प्रकार निश्चित होत नाही आणि काखेवर दाब देणाऱ्या घट्ट बंधाने हातातील रक्तप्रवाह व तंत्रिका यांना इजा पोहोचू शकते.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज (१८४५) व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय (१९२६) आणि त्यांना जोडलेली रुग्णालये यांतून आधुनिक शस्त्रक्रियेचा प्रसार झाला. भौतिकी चिकित्सेच्या शिक्षणास १९५० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रारंभ झाला. त्यास बालपक्षाघाताच्या साथीची पार्श्वभूमी होती. हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिकी वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. मात्र या सोयी दीर्घकाळ मोठ्या शहरांपुरत्या मर्यादित राहिल्या.

शहरापासून दूरच्या भागात या भंगाचे स्वरूप कसे बदलते, याचे उदाहरण म्हणून विसरवाडी (ता. नवापूर, जि. नंदुरबार) या गावाचा परिसर घेता येईल. हे गाव सुरत–धुळे–नागपूर राष्ट्रीय महामार्गावर (पूर्वीचा क्र. ६, आता क्र. ५३) असून येथून खांडबारामार्गे नंदुरबारकडे रस्ता फुटतो. पूर्वेस कोंडाईबारीचा घाट आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये या घाटात खाजगी प्रवासी बस दरीत कोसळून मोठा अपघात झाला होता. महामार्गावरील वेगवान वाहतूक हे या भागातील खांद्याच्या इजांचे नवे कारण, तर झाडावरून पडणे व शेतीकामातील अपघात ही जुनी कारणे होत.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सु. ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. नवापूर तालुक्यात भिल्ल, मावची, गावित, कोकणा इ. समाजांची वस्ती आहे. भाताची लावणी व कापणी, लाकूडफाट्याची मोळी, पाण्याचे हंडे आणि ऊसतोड ही सर्व कामे खांद्याच्या बळावर चालतात. खानदेशातून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतराचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी केला आहे. ऊसतोडीत मजुरांच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते. अशा जोडीतील एकाचे जत्रुक मोडले की दोघांची मजुरी थांबते व उचल मात्र फिटायची राहते. म्हणून झोळी काढताच कोयता हाती घेतला जातो. सुशिक्षित नोकरदारास सहा आठवड्यांची रजा म्हणजे गैरसोय, तर या मजुरास तो संपूर्ण हंगामाचा प्रश्न ठरतो.

आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावर ग्रामीण रुग्णालय अशी शासकीय रचना आहे. प्रथमोपचार, झोळी व वेदनाशामक औषधे या पातळीवर देता येतात, परंतु पट्टी बसविण्यासारख्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णास नंदुरबार, धुळे किंवा सुरत गाठावे लागते. राज्यात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेमुळे (२०१२, २०१७ पासून महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजना) शस्त्रक्रियेचा खर्च काही अंशी हलका झाला. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या जिल्ह्यात दात्रकोशिका पांडुरोग (सिकल सेल) आढळत असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी करणे आणि शुद्धिहरणाच्या वेळी ऑक्सिजन व द्रवपदार्थ यांचा पुरवठा पुरेसा ठेवणे अगत्याचे असते.

यामुळे अशा परिसरात चिकित्सापद्धतीची निवड केवळ क्ष-किरण चित्रावरून करता येत नाही. शस्त्रक्रियेने वेदना लवकर कमी होऊन असंधान टळते. परंतु ती करवून घेण्यासाठी दूरचा प्रवास, टाके काढण्यासाठी फेऱ्या आणि पट्टी सैल झाल्यास वा पू झाल्यास पुन्हा रुग्णालय गाठणे हे सर्व मजुरास करावे लागते. झोळीच्या उपचारात खर्च थोडा, पण विश्रांतीचा काळ अधिक व फेरतपासणी चुकल्यास असंधान उशिरा कळण्याचा धोका असतो. झोळीच्या रुग्णाची पहिल्या व दुसऱ्या आठवड्यात पुन्हा क्ष-किरण तपासणी केल्यास सरकणारे तुकडे वेळीच ओळखता येतात.

व्यायामासाठी मात्र विशेष साधनांची गरज नसते. भिंतीवर बोटांनी चढत जाणे, काठी दोन्ही हातांनी धरून उचलणे, हंड्यातील पाणी थोडे थोडे वाढवीत तो उचलण्याचा सराव करणे हे उपाय घरी करता येतात व ते सुश्रुतांच्या मातीच्या गोळ्याच्याच जातीचे आहेत. गुणांकपद्धतीतील प्रश्नांच्या जोडीस हात डोक्यावरील भाऱ्यापर्यंत पोहोचतो काय, हातपंप सलग चालविता येतो काय, कुऱ्हाडीचा घाव दिवसभर घालता येतो काय, असे प्रश्न विचारल्यास रुग्णाच्या कार्यक्षमतेचा अधिक खरा अंदाज येतो. त्यांची उत्तरे होकारार्थी येईपर्यंत हाड सांधलेले असले, तरी चिकित्सा पूर्ण झाली असे मानता येत नाही.